काजव्याचा उजेड आणि यकृताचं दार

आज आपण पित्ताविषयी बोलू.

कोंबडी साफ करताना कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी आपण किती जपून काढतो! ती फुटली की सगळं कालवण कडू. ती पित्ताची पिशवी. आपल्याही पोटात उजव्या बरगड्यांखाली कलेजी आहे, तिलाच यकृत म्हणतात. ते रोज पित्त तयार करतं. आंबट ढेकर आली की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, पण तो जठरातला आम्लरस असतो. खरं पित्त रिठ्यासारखं काम करतं. रिठ्याच्या पाण्याने तेलकट भांडं सुटतं ना, तशीच पित्तातली आम्लं जेवणातलं तेल-तूप बारीक फोडतात. मग ते पचतं.

आपलं शरीर मोठं काटकसरी. ही आम्लं ते वाया घालवत नाही. 100 पैकी सुमारे 95 भाग आतड्यातून रक्तात येऊन परत यकृतात जातो. त्यांना आत घ्यायला यकृताच्या पेशीला एक खास दार असतं. त्याचं नाव एनटीसीपी.

पेशी डोळ्यांना दिसत नाही, मग दारातून काय गेलं ते कसं मोजायचं? पूर्वी त्यासाठी पेशी फोडून तपासाव्या लागत. आता शास्त्रज्ञांनी काजव्याची मदत घेतली आहे. पावसाच्या तोंडावर झाडाझाडांवर लुकलुकणारा काजवा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो. ल्युसिफरेज नावाचं विकर त्याला भेटलं की उजेड पडतो. शास्त्रज्ञांनी ल्युसिफेरिन पित्ताच्या आम्लाला बांधलं. ही गाठ पेशीच्या आत गेल्यावरच सुटते. प्रयोगाच्या पेशींमध्ये ल्युसिफरेज आधीच तयार ठेवलेलं असतं. आम्ल दारातून आत गेलं, गाठ सुटली, की पेशी उजळते. फार गेलं तर उजेड जास्त, दार अडलं तर उजेड कमी. यंत्र तो उजेड मोजतं आणि पेशी जिवंतच राहते.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या पाड्याशी काय संबंध? संबंध आहे. 2012 साली चीनमधल्या शास्त्रज्ञांना कळलं, की ‘कावीळ ब’चा विषाणू याच दारातून यकृतात शिरतो. पित्तासाठी ठेवलेल्या दारातून चोर आत येतो! हे दार अडवणारं एक औषध 2020 मध्ये युरोपात मंजूर झालं. ते कावीळ ब सोबत होणाऱ्या ‘कावीळ ड’साठी आहे.

पण आपल्या हातात त्याहून सोपा उपाय आहे, तो म्हणजे लस. ती चोराला दारापर्यंत पोचण्याआधीच पकडते. बाळंतपणात आईकडून बाळाला कावीळ ब झाली, तर अशा 10 बाळांपैकी सुमारे 9 जणांच्या अंगात ती कायमची राहते. पुढे यकृत खराब होतं, कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत हवा. पुढचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट लसीतून. सरकारी दवाखान्यात सगळं मोफत.

अक्राणीच्या डोंगरात 24 तास म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. काही पाड्यांवरून बाईला अजून झोळीतून आणावं लागतं. म्हणून गटाने आधीच ठरवावं. कोणाचे दिवस भरत आलेत, तिला दवाखान्याजवळ कधी आणायचं, झोळीला कोण येणार? गरोदरपणात कावीळ ब ची रक्ततपासणी करून घ्या. बाळ घरीच जन्मलं तर त्याच दिवशी आशाताईंना निरोप धाडा. कार्डावर लसीची नोंद झाली का, ते विचारा. विचारायला लाजू नका.

गोंदण करायचं तर नवी सुई मागा. दुसऱ्याचं ब्लेड वापरू नका. मात्र ज्याला ही कावीळ आहे, त्याला वेगळं बसवू नका. एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने ती होत नाही. बाळाला लस दिली असेल तर आईने दूध पाजायलाही हरकत नाही.

येत्या बैठकीत एवढं करा: गटातल्या गरोदर बायांची नावं काढा आणि प्रत्येकीसोबत कोण जाणार ते लिहून ठेवा.