उरणच्या किनाऱ्यावर स्वागत

देशभरातून आलेल्या प्राध्यापक, अभियंते आणि पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या विद्यार्थिमित्रांनो,

स्वागताध्यक्षाला परिषदेच्या विषयातलं फार कळू नये असा आपल्याकडे संकेत आहे. तो मी काटेकोरपणे पाळतो. पण तुमचा विषय आम्हा उरणकरांच्या उंबऱ्यावर येऊन पन्नासएक वर्षं झाली. शेजाऱ्याइतपत ओळख आहे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, मुंबई हायमध्ये, ‘सागर सम्राट’ या खोदकाम रिगला तेल लागलं ते फेब्रुवारी १९७४ मध्ये. त्याच्या चारच महिने आधी अरब देशांनी निर्यातबंदी केली होती आणि कच्च्या तेलाचा भाव बघता बघता चौपट झाला होता. त्या जागेचा माग साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या सर्वेक्षणाने काढला आणि खोदणारा तो रिग जपानात बांधलेला. तेव्हा राजकारण हा तुमच्या अभ्यासक्रमातला ऐच्छिक विषय कधीच नव्हता. आजही नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. युक्रेन युद्धापूर्वी आपल्या आयातीत नगण्य असलेलं रशियन तेल २०२३ मध्ये एक-तृतीयांशाच्या आसपास पोहोचलं. भूगर्भ तोच, शुद्धीकरण कारखाने तेच. बदललं ते नकाशावरचं वैर.

बोटीने घारापुरीला जाणार असाल तर शेजारच्या जवाहर द्वीपाकडे जरूर बघा. तिथे तेलवाहू जहाजं कित्येक दशकं रिकामी होत आहेत. आणि घारापुरीच्या गावांत समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली २०१८ मध्ये! ही गावं आमच्याच तालुक्यातली, म्हणून जरा जास्त लागतं. ऊर्जा जवळून जाते म्हणजे घरात येतेच असं नाही, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पर्यावरणावर तुमचे बरेच निबंध आहेत. त्यांत शेजारच्या करंजाच्या कोळी बांधवांनाही जागा असावी. तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या आत होडी नेता येत नाही, आणि खांबांच्या आडोशाला मासळी मात्र नेमकी तिथेच जमते. सुरक्षेचं कारण त्यांना पटतं. जुलै २००५ मध्ये एक जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, आग भडकली आणि २२ माणसं गेली. २०१९ मध्ये आमच्या इथल्या तेल-वायू प्रकल्पात आग लागली तेव्हा चार जण गेले. पण नियम पटणं वेगळं आणि जाळं रिकामं येणं वेगळं.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट ऐकायची आहे. विहीर खोदायची कशी, दाब कमी झाला की चुनखडकात पाणी सोडून उरलेलं तेल ढकलायचं कसं, हे तुम्ही चार वर्षं शिकता. विहीर बंद कशी करायची, हे किती तास शिकता? मुंबई हाय आता तरुण राहिलेलं नाही. तेलाबरोबर वर येणारं पाणी वाढतंय. एक दिवस त्या शेकडो विहिरींत सिमेंटची बुचं बसवावी लागतील, समुद्रतळावरच्या नळ्या साफ कराव्या लागतील, प्लॅटफॉर्म उतरवावे लागतील. बूच कच्चं राहिलं तर मिथेन झिरपत राहतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरतो. हे काम तुमच्याच पिढीच्या वाट्याला येणार. त्यात पैसा मिळत नाही, फक्त खर्च होतो. म्हणून त्याची तरतूद कोण करणार हा प्रश्न मी आजच विचारून ठेवतो. कार्बन जमिनीखाली साठवायचा तर तिथेही सच्छिद्र खडक ओळखणारी हीच विद्या लागेल, तेव्हा नोकरीची चिंता करणाऱ्या पालकांना तसं सांगायला हरकत नाही.

दुपारच्या सत्राला करंजाहून मच्छीमार सोसायटीची मंडळी येणार आहेत. ते प्रश्न विचारतील, आणि मराठीत विचारतील. परप्रांतीय पाहुण्यांसाठी दुभाष्याची सोय केली आहे. जेवणात मासळी आहे. शाकाहारी पंगत डाव्या हाताला.