वातानुकूलन यंत्र : दुरुस्ती करावी की बदलावे?

(ऊर्जा संवर्धन सप्ताहानिमित्त अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



१४ डिसेंबर हा आपल्या देशात राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने भरलेल्या या सभेत, ऐन थंडीत, वातानुकूलन यंत्राविषयी बोलणे काहींना अस्थानी वाटेल. परंतु या प्रश्नाचा विचार करण्याची खरी वेळ हीच होय. एप्रिल महिन्यात यंत्र बंद पडते, घरात वृद्ध आई-वडील असतात, कारागिराला चार दिवस सवड नसते. अशा घाईत घेतलेला निर्णय बहुधा महागात पडतो. डिसेंबरमध्ये यंत्र अर्धा तास चालवून पाहिले, तर निर्णयासाठी तीन महिने हाताशी राहतात.

एकेकाळी वातानुकूलन म्हटले की मोठ्या शहरांतील चित्रपटगृहे आणि बँका डोळ्यांसमोर येत. आज तालुक्याच्या गावी शिक्षकाच्या घरातही हे यंत्र दिसते. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेथे आजारी माणसाच्या खोलीतील गारवा ही चैन नव्हे. मात्र यंत्र घेताना आपण जेवढा विचार करतो, तेवढा ते बिघडल्यावर करीत नाही. कारागीर म्हणतो, “आता नवेच घ्या,” आणि आपण घेतो. किंवा तो म्हणतो, “गॅस भरून देतो,” आणि आपण दरवर्षी भरून घेतो. दोन्ही प्रकारांत निर्णय आपला नसतो. तो आपला कसा व्हावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

यंत्र काय करते?

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. खोलीतील नळ्यांच्या जाळीत एक द्रव पदार्थ उष्णता शोषून वायुरूप होतो. बाहेरच्या भागातील कॉम्प्रेसर त्या वायूवर दाब देतो. बाहेरच्या जाळीत तो आपली उष्णता हवेला देऊन पुन्हा द्रवरूप होतो आणि परत आत येतो. हे चक्र बंदिस्त असते.

या एका वाक्यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात. पहिली, बाहेरची जाळी धुळीने माखली किंवा तिच्यासमोर भिंत आली, तर उष्णता बाहेर टाकली जात नाही. कॉम्प्रेसर तापतो आणि वीज अधिक लागते. दुसरी, चक्र बंदिस्त असल्यामुळे आतील वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. “दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो” हा समज सर्वत्र रूढ आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे बुड फुटलेल्या रांजणात पाणी ओतणे.

बिघाडाच्या तीन पायऱ्या

दुरुस्ती की बदल हे ठरविण्यापूर्वी बिघाड कोणत्या पायरीवरचा आहे, हे पाहावे.

पहिली पायरी किरकोळ बिघाडाची. हवेची गाळणी तुंबणे, पाण्याची नळी बंद होणे, पंखा अडकणे, तार सैल होणे, कॅपॅसिटर निकामी होणे. यांपैकी कॅपॅसिटरकडे विशेष लक्ष द्यावे. साध्या, एकाच गतीने चालणाऱ्या यंत्रात कॉम्प्रेसर सुरू करण्यास तो साहाय्य करतो. तो गेला की कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, सुरू होत नाही. आणि घरच्या माणसास वाटते की कॉम्प्रेसरच जळाला. या लहानशा भागाची किंमत काही शे रुपयांची असते. त्यासाठी सबंध यंत्र टाकून देणे हा अपव्यय होय. मात्र वीज बंद केल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो. म्हणून तो घरच्या घरी हाताळू नये.

दुसरी पायरी गळतीची आणि इलेक्ट्रॉनिक पाटीची, म्हणजे ज्याला कारागीर पीसीबी म्हणतात त्याची. तांब्याच्या नळीच्या जोडावरील गळती बहुधा नीट दुरुस्त होते. जाळीलाच बारीक छिद्रे पडू लागली असतील, तर एक बुजविले की दुसरे उघडते. अशा वेळी जाळी बदलण्याचा खर्च विचारून घ्यावा. कोकणात खाऱ्या हवेमुळे बाहेरची जाळी लवकर झिजते, हे तेथील घरमालकांनी ध्यानात ठेवावे. इलेक्ट्रॉनिक पाटी वारंवार जळत असेल, तर दोष यंत्रापेक्षा वीजपुरवठ्यात शोधावा.

तिसरी पायरी कॉम्प्रेसरची. ही दुरुस्ती सर्वांत महाग. परंतु येथेही दोन प्रश्न आधी विचारावेत. पहिला, हमीची मुदत संपली आहे काय? अनेक उत्पादक कॉम्प्रेसरची हमी सबंध यंत्राच्या हमीपेक्षा अधिक वर्षांची देतात. पावती व हमीपत्र कपाटातून काढून पाहावे. दुसरा, कॉम्प्रेसर जळाला कशाने? कमी दाबाची वीज, सैल जोडणी, तुंबलेली जाळी, गळतीमुळे कमी झालेला वायू, यांपैकी कारण तसेच राहिले तर नवा कॉम्प्रेसर जळेल, आणि नवे यंत्र आणले तर तेही जळेल.

वायू भरताना घ्यावयाची दक्षता

गळती दुरुस्त केल्यावर नळ्यांत दाब देऊन तपासणी करतात. ती कोरड्या नायट्रोजनने व्हावी. काही ठिकाणी हाताशी असलेला ऑक्सिजनचा सिलिंडर वापरला जातो. कॉम्प्रेसरमधील तेल व दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आल्यास स्फोट होतो. येथे कारागिराच्या जिवाचा प्रश्न आहे. ऑक्सिजन लावलेला दिसताच काम थांबवावे. त्यात संकोच बाळगू नये. तपासणीनंतर पंपाने नळ्या निर्वात कराव्यात आणि यंत्रावरील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर तोलून भरावा.

कोणता वायू, हेही त्याच पट्टीवर लिहिलेले असते. जुन्या यंत्रांत आर-२२ असतो. तो ओझोनच्या थरास अपायकारक आहे. १९८७ च्या माँट्रिअल करारात भारत १९९२ मध्ये सहभागी झाला. त्या करारानुसार या वर्गातील वायूंचा वापर विकसनशील देशांनी २०२५ पर्यंत ६७.५ टक्क्यांनी कमी करावयाचा व २०३० पासून, दुरुस्तीपुरता अल्प अंश वगळता, बंद करावयाचा आहे. तेव्हा आर-२२ च्या यंत्रावर मोठा खर्च करताना, पुढे हा वायू मिळणे कठीण होत जाणार, हे गृहीत धरावे.

नव्या यंत्रांत बहुधा आर-३२, तर काहींत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो. ओझोनला त्यांच्यापासून धोका नाही. परंतु आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन तर आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद आहे. जुन्या आर-२२ च्या यंत्रात यांपैकी कोणताही वायू भरून देण्याची सूचना कोणी केली, तर ती मान्य करू नये. ते यंत्र त्यासाठी बनविलेले नसते.

हिशेब वर्षांचा नव्हे, तासांचा

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक असेल तर नवे घ्यावे, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो सोपा आहे, पण अपुरा आहे. कारण यंत्र वर्षातून किती तास चालणार, हे त्यात कोठेच येत नाही.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. दुरुस्तीस १२,००० रुपये लागतात. नवे यंत्र बसवून ४२,००० रुपयांस पडते. म्हणजे नव्यासाठी ३०,००० रुपये अधिक. जुने यंत्र ताशी सरासरी १.४ युनिट वीज घेते, नवे ०.८ युनिट, बचत ताशी ०.६ युनिट. विजेचा दर युनिटला १० रुपये धरू.

पहिले कुटुंब नागपुरात वरच्या मजल्यावर राहते. १२० दिवस, रोज ८ तास, असे ९६० तास यंत्र चालते. वर्षाला ५७६ युनिट, म्हणजे ५,७६० रुपये वाचतात. अधिकचे ३०,००० रुपये सुमारे सव्वापाच वर्षांत भरून येतात. या कुटुंबाने नव्या यंत्राचा विचार अवश्य करावा.

दुसऱ्या कुटुंबात यंत्र ४५ दिवस, रोज २ तास, म्हणजे अवघे ९० तास चालते. वर्षाची बचत ५४ युनिट, अर्थात ५४० रुपये. अधिकचे पैसे भरून येण्यास ५५ वर्षांहून अधिक काळ लागेल! या कुटुंबाने चांगली दुरुस्ती करून जुनेच वापरावे. यंत्रे दोन्हीकडे सारखीच, बिघाडही सारखाच. उत्तर मात्र वेगळे.

यास आणखी एक कसोटी जोडावी. दुरुस्ती किती उन्हाळे टिकेल? १२,००० रुपयांची दुरुस्ती दोनच उन्हाळे टिकणार असेल, तर उन्हाळ्याला ६,००० रुपये पडले. ४२,००० रुपयांचे यंत्र दहा उन्हाळे चालले तर ४,२०० रुपये. म्हणून कारागिरास “किती लागतील?” एवढेच न विचारता “लेखी हमी किती महिन्यांची?” हेही विचारावे.

यंत्र ताशी किती वीज घेते, हे घरीच मोजता येते. इतर उपकरणे बंद ठेवून वीज मीटरचे आकडे दोन तासांच्या अंतराने लिहून घ्यावेत. शिक्षक मित्रांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास गणित व विज्ञान दोन्हींचा पाठ होईल.

ताऱ्यांचा अर्थ

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये उपकरणांवर ताऱ्यांच्या पट्टीची योजना सुरू केली. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात. २०१८ च्या कोष्टकात पाच ताऱ्यांसाठी कार्यक्षमतेचा आकडा किमान ४.५ होता, जुलै २०२२ पासून तो ५ झाला. म्हणून जुन्या यंत्राचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांशी ताडू नयेत. पट्टीवरील वर्षाचा वीजवापर १,६०० तास धरून दिलेला असतो. आपले तास कमी असतील तर बचतही त्याच प्रमाणात कमी होईल.

नवे घेण्यापूर्वी

पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. खोलीच अधिक तापलेली असते. वरच्या गच्चीवर पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली, दाराच्या फटी बंद करणे, एवढ्याने यंत्रावरील भार हलका होतो. तापमान १८ ऐवजी २४ अंशांवर ठेवावे. जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच असावीत, असा नियम झाला आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्याचा कूलर अल्प विजेत उत्तम काम देतो. कोकणातील दमट हवेत मात्र त्याचा उपयोग होत नाही.

नवे घेतल्यावर जुने यंत्र दुसऱ्या खोलीत बसविले, तर बचत तर नाहीच, उलट वीजबिल वाढते. ते भंगारवाल्याकडे देऊन नळ्या तोडू देऊ नयेत. आतील वायू हवेत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वातानुकूलन यंत्रांचा समावेश असून अशी यंत्रे अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जावीत, अशी अपेक्षा आहे.

कार्यालये आणि पंचायती

घरातील पैसा आपला असतो, कार्यालयातील जनतेचा. जड वस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राची खरेदी नोंदली जाते. परंतु पुढे त्यावर किती वेळा, कशासाठी, किती खर्च झाला, हे एका जागी सापडत नाही. प्रत्येक देयक वेगळ्या फाईलीत असते. परिणामी तीन वर्षे गळती तशीच राहून दरवर्षी वायूचे देयक मंजूर होते आणि शेवटी निर्लेखनाचा प्रस्ताव येतो.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक यंत्रासाठी एक पान ठेवावे. त्यावर खरेदीचा दिनांक, हमीची मुदत, वायूचा प्रकार व वजन, प्रत्येक बिघाड, त्याचे कारण, खर्च व कारागिराची हमी लिहावी. वायूच्या देयकासोबत गळती कोठे सापडली, याची नोंद नसल्यास देयक मंजूर करू नये. एवढा एक दंडक पाळला, तरी पुष्कळ निरर्थक खर्च थांबेल.

तेव्हा क्रम असा राहो : प्रथम बिघाड कोणता ते पाहावे, मग तो का झाला ते शोधावे, नंतर यंत्र वर्षाला किती तास चालते ते लिहावे, आणि अखेरीस दोन्ही खर्च कागदावर शेजारी शेजारी मांडावेत. हे चार टप्पे पार केल्यावर जे उत्तर येईल, ते दुरुस्तीचे असो वा बदलाचे, ते आपले स्वतःचे असेल. होळीपूर्वी आपल्या घरचे आणि कार्यालयाचे यंत्र एकदा या कसोटीवर घासून पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.