सागराचा टेहळ्या

२६ मे १९९९ रोजी, दुपारचे बारा वाजावयास आठ मिनिटे उरली असता, श्रीहरिकोटा बेटावरून एका अग्निबाणाने आकाशात झेप घेतली. त्याच्या शिरोभागी तीन उपग्रह होते. एक दक्षिण कोरियाचा, एक जर्मनीचा, आणि तिसरा, वजनाने सर्वांत भारी, भारताचा ‘ओशनसॅट’. शेतजमीन, अरण्ये आणि जलाशय यांची पाहणी करणारे उपग्रह भारताने त्यापूर्वीही सोडले होते. पण मुख्यतः समुद्र पाहावयाचा म्हणून घडविलेला हा आपला पहिलाच उपग्रह.

श्रीहरिकोट्याच्या एका अंगास पुलिकत सरोवर आहे, दुसऱ्या अंगास बंगालचा उपसागर. सगळी पृथ्वी दृष्टीखाली आणावयाची तर उपग्रहाला एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरत ठेवावे लागते. म्हणजे अग्निबाणाने सरळ दक्षिणेचा रस्ता धरावयास हवा. पण त्या रस्त्याखाली श्रीलंका येते आणि अग्निबाणाचे जळून गेलेले टप्पे तर वाटेत गळून पडत असतात. म्हणून हा अग्निबाण आधी आग्नेयेकडे, उघड्या समुद्रावर जातो आणि मग आकाशातच वळण घेऊन दक्षिणेला लागतो. ह्या वळशात बरेच इंधन खर्ची पडते आणि तेवढे वजन वर कमी नेता येते. शेजाऱ्याच्या अंगणात राख पडू नये म्हणून दिलेली ही किंमत आहे, आणि ती योग्यच म्हटली पाहिजे.

उपग्रह ७२० किलोमीटर उंचीवर स्थिरावला की तो सुमारे शंभर मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पुरी करतो. समुद्राचा तोच भाग दर दोन दिवसांनी त्याच्या दृष्टीस पडतो. ह्याचे मोल कळावयाचे तर जुन्या काळाकडे पाहावे. १८७२ साली निघालेले ‘चॅलेंजर’ हे इंग्रजी जहाज सागराचा अभ्यास करीत साडेतीन वर्षे हिंडले, आणि तरीही त्याने पाहिला तो सागरातील एका रेघेएवढा भाग. त्यानंतरही समुद्राची बरीचशी माहिती मिळे ती येत्याजात्या जहाजांकडून. त्यात एक मोठी मेख होती. शहाणा कप्तान वादळाची चाहूल लागताच जहाज दूर नेतो. त्यामुळे जेथील वाऱ्याचे मोजमाप सर्वांत निकडीचे, नेमके तेथूनच काही कळत नसे.

‘ओशनसॅट’च्या कॅमेऱ्याचे काम समुद्राचा रंग वाचण्याचे. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात. त्यांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, आणि त्या जेथे दाट तेथे पाण्यावर हिरवट छटा येते. ऐकावयास हे सोपे वाटते. वस्तुतः त्या उंचीवर पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हवेतूनच परतलेला असतो. समुद्राचा म्हणावा असा अंश दहा टक्केही नसतो. भर बाजारात कुणाची कुजबुज ऐकावी तसा तो वेगळा काढावा लागतो. त्यातून माध्यान्हीचा समुद्र आरशासारखा तळपतो. चकाकी टाळण्यासाठी माणूस मान कलती करतो, तसा हा कॅमेराही वीस अंशांनी कलता ठेवता येतो.

ह्या हिरव्या छटेशी कोळ्याचा फार जवळचा संबंध आहे. तिच्या मागे लहान मासे येतात, त्यांच्या मागे मोठे. थंड आणि उबदार पाणी जेथे एकमेकांस भिडते तेथेही त्यांची दाटी होते. रंग आणि तापमान यांचे नकाशे जुळवून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे ते कळविते: अमुक बंदराहून किंवा दीपगृहाहून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीत. ही सूचना मराठीतही निघते. शोधात जळणारे डिझेल वाचते, हा तांडेलाच्या दृष्टीने उपग्रहाचा खरा हिशेब! मात्र आभाळ भरून आले की रंग वाचणारा हा डोळा मिटतो.

वाऱ्याचे तसे नाही. २३ सप्टेंबर २००९ रोजी गेलेल्या दुसऱ्या ‘ओशनसॅट’वर स्कॅटरोमीटर नावाचे यंत्र होते. ते सूक्ष्मतरंग खाली सोडते. वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बारीक लहरींवरून ते परततात, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग व दिशा काढता येते. त्याला रात्र आडवी येत नाही, ढगही सहसा येत नाहीत. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशावर महाचक्रीवादळ कोसळले तेव्हा पहिला ‘ओशनसॅट’ वर फिरत होता, पण त्याच्यापाशी हे यंत्र नव्हते. त्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले. ह्या वेळी लाखो लोक आधीच सुरक्षित जागी हलविले गेले होते आणि प्राणहानी दहा हजारांवरून काही दहांवर आली. श्रेय एकट्या उपग्रहाचे नव्हे. दारोदार जाऊन माणसे उठविणाऱ्यांचेही ते आहे.

पण समुद्राला दारे नसतात. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीजवळ ‘ओखी’ वादळ झपाट्याने उभे राहिले. बांगलादेशाने सुचविलेल्या ह्या नावाचा अर्थ ‘डोळा’. केरळ व तमिळनाडूतील कितीतरी होड्या त्याआधीच दूर समुद्रात गेल्या होत्या. इशारा निघाला, परंतु किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मोबाईल मुका होतो. अनेक होड्या भरकटत उत्तरेस आल्या आणि सिंधुदुर्गातील देवगड बंदरात त्यांना आसरा मिळाला. पुष्कळ मच्छीमार मात्र परतलेच नाहीत. आकाशातील टेहळ्या जागा होता. त्याची हाक होडीपर्यंत नेणारा दुवा नव्हता.

तो दुवा जोडण्यास पुढे दोन वर्षे लागली. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘जेमिनी’ नावाचे छोटे यंत्र निघाले. ते उपग्रहामार्फत आलेला इशारा भर समुद्रात झेलते आणि तांडेलाच्या मोबाईलवर उमटविते. पण त्यातून परत उत्तर देता येत नसे. बुडणाऱ्या होडीला इशाऱ्याहून अधिक गरज असते ती आपली हाक कोणाच्या तरी कानी पडण्याची. हे उमजून उभयपक्षी संदेश नेणारी यंत्रे सिद्ध झाली. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी रंग, तापमान आणि वारा ही तिन्ही मोजणारा तिसरा ‘ओशनसॅट’ श्रीहरिकोट्याहून गेला. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, एक लाख होड्यांवर ही दुतर्फा बोलणारी यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला.