सोका आणि ढोलकाचा ठेका

ज्या संगीतावर आज त्रिनिदादचा कार्निव्हल नाचतो, त्या सोकाच्या घडणीत हिंदी मजुरांच्या वाद्यांचा केवढा वाटा आहे, याची वार्ता आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही, याची मला खंत वाटते.

त्रिनिदादच्या दक्षिण मुलखातील लेंगुआ या खेड्यात १९४१ साली गारफील्ड ब्लॅकमन जन्मला. पुढे लॉर्ड शॉर्टी या नावाने तो विख्यात झाला. तो स्वतः आफ्रिकी वंशाचा. परंतु सभोवार वस्ती होती ती १८४५ पासून गिरमिटाच्या करारावर उसाच्या मळ्यांत आणलेल्या हिंदी मजुरांच्या वंशजांची, आणि त्यांच्या लग्नकार्यांतून घुमणारा ढोलक व धनताल, म्हणजे उभ्या पोलादी सळईवर नालाकृती लोखंडाने आघात करून वाजविण्याचे वाद्य, यांचे संस्कार त्याच्या कानांवर बालपणीच झाले.

१९७० च्या सुमारास जमैकाच्या रेगेपुढे आणि अमेरिकेच्या सोल संगीतापुढे त्रिनिदादचा पारंपरिक गायनप्रकार कॅलिप्सो निस्तेज होऊ लागला, तेव्हा, इतर अनेक शाहीर शब्दांच्या उपरोधावरच विसंबून असताना, शॉर्टीने तालालाच हात घातला. १९७३ च्या ‘इंद्राणी’ या गीतात त्याने हिंदी वाद्ये उघडपणे वाजविली, आणि लगेच तक्रार उठली की हा कॅलिप्सोच नव्हे. यावर त्याने जे केले त्यातच मला त्याची खरी प्रतिभा दिसते: त्याने वाद्ये काढून घेतली, पण ठेका सोडला नाही. ढोलकाच्या थापा त्याने ड्रम, बास आणि गिटार यांत वाटून दिल्या, धनतालाचे काम लोखंडी त्रिकोणाकडे सोपविले. आणि १९७४ च्या ‘एंडलेस व्हायब्रेशन्स’वर, कालपर्यंत हरकत घेणारेही नाचू लागले.

मग सोका नावाचा हा ताल बेटाबेटांतून पसरला. मॉन्टसेराटच्या ॲरोने १९८२ साली ‘हॉट हॉट हॉट’ने तो जगभर नेला. शॉर्टी मात्र, सोकातील वाढत्या विलासी वृत्तीने व्यथित होऊन, पत्नी व मुलांसह पिपारोच्या अरण्यात गेला, रास शॉर्टी आय या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत ‘जामू’ नामक भक्तिसंगीत रचीत राहिला.

दरम्यान हिंदी वंशाच्या द्रुपती रामगुनाई या गायिकेने, स्वसमाजातील सनातन्यांचा रोष पत्करून, चटणी-सोका, म्हणजे हिंदी लोकसंगीत व सोका यांचा मेळ, गायिला; आणि शॉर्टीला जी वाद्ये पडद्याआड न्यावी लागली होती, ती पुन्हा उघड मंचावर आली.