रीळ कोण गुंडाळतं?

आम्ही मुळशीतल्या बचत गटांचं काम पाहतो. आज बोलणार आहोत सिनेमातल्या एका हातकामाबद्दल.

जत्रेत तंबूतला सिनेमा तुमच्यातल्या अनेकींनी पाहिला असेल. पडदा पुढे, प्रोजेक्टर मागे. त्या प्रोजेक्टरजवळ टेबलावर दोन उभी चाकं असायची, एकाला हाताने फिरवायचा दांडा. हा रिवाइंडर. रीळ चालून संपलं की शेवट वर येतो आणि सुरुवात आत दबते. म्हणून प्रत्येक खेळानंतर सगळी रिळं पुन्हा गुंडाळावी लागत. अडीच तासांच्या सिनेमाची फिल्म साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त!

शिलाई मशीनची बॉबिन भरणारीला यातली मेख लगेच कळेल. ढिली भरली तर गुंता, फार ताणली तर दोरा तुटतो. फिल्मचंही तसंच. ढिलं रीळ ओढून आवळलं तर थर एकमेकांवर घासतात आणि चरे पडतात. म्हणून एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांमधून फिल्मच्या कडा हलक्या सोडायच्या. फाटलेली कड, सुटलेला जोड डोळ्यांआधी बोटांना कळतो. तिथे थांबून जोडायचं, मग पुढे.

त्या कडांना भोकं असतात, एकेका चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार. प्रोजेक्टरचं दातेरी चाक त्यांत अडकतं, तेव्हा फिल्म पुढे सरकते.

दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढायला घेतला, तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. भोकं पाडायचं यंत्र त्यांनी 1912 साली लंडनहून आणवलं. कच्च्या फिल्मला उजेड लागला की ती वाया, म्हणून काम अंधारात. ते करायच्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. दिवसा कामावरच्या माणसांचा स्वयंपाक, रात्री भोकं पाडणं. फिल्म धुण्याची रसायनंही त्या हाताळायच्या. दागिनेही त्यांनी याच कामासाठी दिले. 3 मे 1913 रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. सरस्वतीबाईंचं नाव आपल्यातल्या कितीजणींनी आजवर ऐकलं होतं?

हे आज का सांगतोय? गटांची दप्तरं पाहताना आम्हाला दिसतं, की हिशोबात तांदूळ, तेल, पिशव्या, टेम्पोभाडं सगळं असतं. आंबेमोहर निवडला कोणी, पापड उन्हात घालून राखले कोणी, पिशव्या भरल्या कोणी, हे कुठेच नसतं. मग विक्रीनंतर जो नफा म्हणून वाटला जातो, त्यात कुणाची तरी न दिलेली मजुरी असते. आणि बहुतेक वेळा ती त्याच दोघी-तिघींची असते, ज्या कधी बोलत नाहीत.

तेव्हा येत्या बैठकीत वहीत तीन रकाने आखा: काम, कोणी केलं, किती तास. महिनाभर रोज लिहा. लिहिता येत नसेल तिचं शेजारणीने लिहावं, पण नाव तिचंच. महिनाअखेरीस बेरीज मोठ्याने वाचा. मालाचा भाव त्या मजुरीसकट ठरवा. भाव पाच-दहा रुपयांनी वाढेल, गिऱ्हाईक कारण विचारेल. वही दाखवा.

कुठल्या गटाला रकाने आखायला मदत हवी असेल, तर पुढच्या बैठकीला आम्हाला बोलवा. आम्ही येऊ.