चौथ्या फाऊलनंतर



मघाशी चषक घ्यायला मुलींचा बास्केटबॉल संघ वर आला, तेव्हा एक उंच मुलगी सगळ्यांच्या मागे राहिली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, फायनलला मी पाच फाऊलवर बाहेर गेले. शेवटची दीड मिनिटं बाकावरच होते." म्हणून लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवते.

मीही सेंटरच खेळायचे. चौथा फाऊल झाला की स्कोअररच्या टेबलावर चारची पाटी वर होते. चारपर्यंतचे आकडे काळे, पाचाचा लाल. समोरचा संघ लगेच चेंडू तुमच्याच अंगावर आणायला लागतो. मग हात आखडतात, पाय जमिनीला चिकटतात आणि समोरची अगदी आरामात ले-अप मारून जाते. मी असे कितीतरी बास्केट सोडलेत. आजही ते सलतात.

आमचे सर एकच गोष्ट घोटून घ्यायचे. पाय आधी पोचव, हात सरळ वर ठेव, उडी जागच्या जागी मार. तू नियमाने घेतलेली जागा तुझी आणि तिच्यावरची हवाही तुझी. तिथे कुणी येऊन आदळलं तर फाऊल तुझा नाही. हात खाली आला की मात्र शिट्टी वाजलीच!

एनबीएत सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो. विल्ट चेंबरलेन साखळीचे १०४५ सामने खेळला आणि त्यात एकदाही असा बाहेर गेला नाही. केवढा संयम! पण मिनियापोलिस लेकर्सचा व्हर्न मिकेलसन मला जास्त जवळचा वाटतो. तो तब्बल १२७ वेळा फाऊलवर बाहेर गेला. तो विक्रमच आहे. त्याच संघाकडून त्याने चार विजेतेपदं जिंकली आणि १९९५ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतलं.

या मुलीचा पाचवा फाऊल कसा झाला, तेही मी विचारून घेतलं. समोरची एकटीच बास्केटकडे सुटली होती. चार फाऊल असूनही ही धावत आडवी गेली, हात वर करून उभी राहिली. पाऊलभर उशीर झाला. पण बास्केट झालं नाही, दोन फ्री थ्रोपैकी एकच पडला आणि तुम्ही एका गुणाने जिंकलात.

फोटोग्राफर दादा, संघाचा फोटो पुन्हा घ्या. मघाशी ही कडेला उभी होती. ये बाळ, चषक तू धर आणि मधे उभी राहा.