दिवाळीचा सदरा



दिवाळी आली की मुले नव्या कपड्यांचा हट्ट धरतात. हातात पैसा नसतो. मग आपण उधारीवर कापड आणतो. सण चार दिवसांचा, अन् देणं वर्षभराचं! यंदा आपण दुसरी वाट धरू.

जुना सुती सदरा घ्यावा. फाटले असेल तेथे ठिगळ लावावे. सदरा धुऊन खळ काढावी. खळ राहिली तर रंग मुरत नाही. वाळल्यावर आत जाड कागद घालावा, म्हणजे रंग पाठीकडे उतरत नाही.

आता भेंडी आडवी कापावी. कापलेली बाजू पुसून तिला कापडावरचा रंग पातळसा लावावा आणि ठसा उमटवावा. पाच पाकळ्यांचं फूल उठतं! ठिगळावर उठवलं तर ठिगळाचीच नक्षी होते. दाराखिडक्यांचा तेलरंग मात्र घेऊ नये. कापड कडक होते.

सदरा एक दिवस सावलीत वाळवावा. मग उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी. रंग पक्का होतो. पुढे तीन दिवस धुऊ नये.

ऐपत असेल त्याने नवा कपडा जरूर घ्यावा. पण पोरानं स्वतः फुलं उठवलेला सदरा उधारीच्या सदऱ्याहून अंगाला हलका, असे आम्हाला वाटते.